दोषी ठरला, पण शिक्षा अजून ठरायची होती!

गुन्हा कोणी केला हा एक प्रश्न आणि त्याला शिक्षा किती हा दुसरा, अगदी स्वतंत्र प्रश्न! हे आपल्या पनवेलच्याच एका खटल्याने मला उलगडून दाखवलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. त्यांच्या खुनासाठी पनवेल सत्र न्यायालयाने पोलीस अधिकारी अभय कुरुंदकरला दोषी ठरवलं ५ एप्रिल २०२५ रोजी आणि जन्मठेप सुनावली २१ एप्रिलला. दोन वेगळ्या तारखा! कारण दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेबाबत आरोपीचं म्हणणं पुन्हा ऐकायचं, असं कायदाच सांगतो. वय, पूर्वीचे गुन्हे, सुधारण्याची शक्यता, सगळं तिथे मांडता येतं.

मग फाशी का नाही? खुनाला दोनच शिक्षा: जन्मठेप किंवा फाशी. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने ठरवून दिलंय, की जन्मठेप हा नियम आणि फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात.

आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं? मुळीच नाही! म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गोपाळ गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केलं. सरकार माफी देऊ शकतं, पण ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात माफीने सुटायलासुद्धा किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. तो आकडा येतो इथून!

पुरावे नष्ट करणाऱ्या दोघांना सात वर्षं झाली. कमी वाटतात ना? पण अशा प्रकरणात त्या कलमाची कमाल मर्यादाच सात आहे. शिवाय खटला चालू असताना कोठडीत काढलेला काळ शिक्षेतून वजा होतो.

प्रत्येक आकड्यामागे कलम आहे, कारण आहे! हे अकरावी-बारावीच्या मुलांना का शिकवू नये? न्यायालयाचं कामकाज साधारणपणे सर्वांना खुलं असतं, मुलांना तिथे न्या. निकालपत्रातला शिक्षेचा भाग वर्गात मोठ्याने वाचा. ‘एवढीच शिक्षा?’ या संतापाला तिथे लेखी उत्तर असतं. ते पटलं नाही तर खुशाल वाद घाला, पण आधी ते वाचा आणि मग मुद्द्याला धरून भांडा!