गौरीचे डोळे आणि पट्ट्यांचा प्रकाश

कला शाखेच्या विद्यार्थ्यानं मिलिमीटरच्या दशांशांवर लेख लिहावा, हे आमच्या काही मित्रमंडळींना रुचणार नाही. 'वाट चुकून प्रयोगशाळेत शिरलास काय?' असं एकानं विचारलंही. पण हा प्रश्न माझ्याकडे शास्त्राचा म्हणून आलाच नव्हता. तो आला एका चेहऱ्याच्या रूपानं.

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकामागच्या गल्लीत माझ्या मामांचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. दोन खोल्या आणि एक पोटमाळा, एवढाच त्याचा पसारा. तिथं गणपती आणि गौरीचे मुखवटे तयार होतात. या साऱ्या मुखवट्यांची आई म्हणजे माझ्या आजोबांनी हातानं घडवलेला शाडूचा एक मूळ मुखवटा. उंची वीतभर, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर. रंग नाही, फक्त डोळ्यांच्या काळ्या रेघा आजोबांनी स्वतः ओढलेल्या. आजोबा गेले, जुने साचे झिजले, आणि दरवर्षी साच्यागणिक गौरीचा चेहरा थोडाथोडा बोथट होत गेला. नवा साचा मूळ मुखवट्यावरूनच घ्यायला हवा. पण त्याला डाव्या कानापासून गालापर्यंत तडा गेला आहे, आणि तो दर उन्हाळ्यात वाढतो. रबराचा साचा ओढून काढताना मुखवटा दुभंगेल. ओलं प्लॅस्टर घालावं तर न भाजलेला शाडू विरघळेल. थोडक्यात, हात न लावता नक्कल करायची होती. हात न लावता स्पर्श करणारी वस्तू एकच, ती म्हणजे प्रकाश.

दारावरच्या चिकाच्या पडद्यातून ऊन आत येतं तेव्हा सतरंजीवर रेघा सरळ पडतात आणि लोडावर त्याच रेघा वाकतात. ही सारी विद्या एवढ्यातच आहे. प्रोजेक्टरनं वस्तूवर काळेपांढरे पट्टे टाकायचे, बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्यानं ते कुठं किती वाकले याची छायाचित्रं घ्यायची, आणि संगणकानं त्रिकोणाच्या गणितानं प्रत्येक बिंदूची खोली काढायची. कोणता पट्टा कितवा हे ओळखण्याची युक्ती फ्रँक ग्रे या बेल प्रयोगशाळेतल्या संशोधकाच्या संकेतावर बसवलेली आहे. या संकेताचं पेटंट १९५३ सालचं. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या क्रमांकांत त्यात एकच अंक बदलतो. त्यामुळं सीमेवर वाचनात चूक झालीच, तरी ती एका पट्ट्यापलीकडे जात नाही. दहा चित्रांत १०२४ पट्टे ओळखता येतात.

प्रकाशानं मोजण्याचा एक गाजलेला दाखला द्यायचा तर तो फ्लॉरेन्सचा. मायकेलँजेलोच्या 'डेव्हिड'ची उंची पुस्तकांतून ४३४ सेंटिमीटर छापली जात होती. १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी लेसरच्या रेघेनं पाव मिलिमीटरच्या अंतरानं तो पुतळा मोजला, तेव्हा ती ५१७ निघाली! मात्र संगमरवरात प्रकाश किंचित आत झिरपतो आणि मापाला फसवतो. चकचकीत पितळ तर त्याहून लबाड. त्याला आधी पांढरा फवारा मारावा लागतो. आमचा शाडू बापडा मंद, राखाडी, प्रकाशाला आत न घेणारा. एवढ्या बाबतीत तरी नशीब आमच्या बाजूनं होतं.

बाकी सारं स्वारगेटच्या बाजूनं होतं! आठ-दहा छायाचित्रं घ्यायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात सातारा रस्त्यानं एक बस गेली की फरशी हादरते. पहिले काही दिवस रात्री एकनंतर काम केलं; पण स्वारगेटला रात्र अशी होतच नाही. २०२४ च्या सप्टेंबरपासून जमिनीखालून मेट्रो धावते, तरी वरच्या गाड्या कमी झाल्याचं निदान आमच्या गल्लीला जाणवलेलं नाही. शेवटी उपाय मामांनीच काढला. कॅमेरा, प्रोजेक्टर आणि मुखवटा, तिघांनाही एकाच कडाप्प्याच्या फरशीवर बसवलं आणि फरशीखाली अर्धवट हवा भरलेली ट्यूब ठेवली. हलेल तर सगळं एकत्र हलेल. आपसातलं अंतर बदललं नाही की मापाला बाधा नाही.

यंत्राला आधी स्वतःची ओळख करून द्यावी लागते. बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी त्याला वेगवेगळ्या कोनांतून दाखवायच्या. ही सोपी पद्धत झेंगयू झांग यांनी २००० साली प्रसिद्ध केली. पण चौकटी कागदावर छापल्या तर पुण्याच्या पावसाळी हवेत कागद फुगतो. २५ मिलिमीटरची चौकट प्रत्यक्षात २५.१ असेल तर वीतभर मुखवट्यात ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून कागद काचेवर ताणून चिकटवला आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौकटी तपासल्या. नाना पेठेतून बेअरिंगच्या दोन एक-इंची गोळ्या आणल्या आणि खडूची पूड चोळून मंद केल्या. त्यांचं माप २५.४ मिलिमीटर हे आधीच ठाऊक. यंत्र ते किती सांगतं ते रोज काम सुरू करण्यापूर्वी पाहायचं. प्रोजेक्टर थंड असताना उत्तर वेगळं आणि अर्ध्या तासानं तापल्यावर वेगळं येई. मग तापेपर्यंत चहा, असा नियमच झाला. दिव्याचंही असंच. आपल्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि प्रोजेक्टर ६० वेळा चित्र रंगवतो. शटर १/२० सेकंद उघडं ठेवलं की एकाची पाच आवर्तनं पूर्ण होतात आणि दुसऱ्याची तीन.

एवढं करून पहिला चेहरा पडद्यावर आला, तर गौरीच्या गालांवर सुरकुत्या! तरुण देवी एका रात्रीत म्हातारी झालेली. मामा काही बोलले नाहीत, नुसते उठून बाहेर गेले. त्या सुरकुत्या मोजल्या तेव्हा त्या पट्ट्यांच्या बरोबर तिप्पट दाट निघाल्या, आणि तिथंच चोर सापडला. संकेतानं पट्टा ओळखला तरी पट्ट्याच्या आतली बारकी जागा कळायला छटा हळूहळू बदलणारे पट्टे थोडेथोडे सरकवून टाकतात. आम्ही ते तीन वेळा सरकवत होतो. प्रोजेक्टरला 'निम्मा उजेड दे' म्हटलं तर तो निम्मा देत नाही, बराच कमी देतो. चित्रपट डोळ्यांना बरा दिसावा म्हणून त्याची घडणच तशी असते. त्यामुळं पट्ट्यांचा आकार बिघडतो आणि तीन पायऱ्यांच्या गणितात तो बिघाड तिप्पट दाट लाटा होऊन उमटतो. आठ पायऱ्या केल्या, गाल पुन्हा तुकतुकीत झाले.

खरी परीक्षा डोळ्यांची. मामांनी पडद्यावरचा चेहरा फिरवून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अरे, ही झोपलीय. अण्णांची गौर बघते." (आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणत.) मला काहीच दिसेना. आकड्यांत पाहिलं तेव्हा खालच्या पापणीच्या कडेला जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा खोटा उंचवटा होता. काळी रेघ जिथं संपते आणि राखाडी शाडू सुरू होतो, तिथं कॅमेऱ्याचा एक ठिपका दोन्हीकडचा प्रकाश एकत्र घेतो. त्यात राखाडीचा आवाज मोठा, म्हणून पट्टा खऱ्या जागेवरून सरकलेला दिसतो. जिथं भाव आहे नेमकं तिथंच यंत्र अडखळत होतं. सॉफ्टवेअरमध्ये ती कड गुळगुळीत करण्याची सोय होती. एका बटणाचं काम. पण तसं केलं असतं तर झिजलेल्या साच्यानं जे केलं तेच आम्ही नव्या यंत्रानं केलं असतं.

मग मुखवटा थोडाथोडा फिरवून बारा बाजूंनी चित्रं घेतली. दिशा बदलली की खोटा उंचवटाही बदलतो, खरा मात्र जागचा हलत नाही. काळ्या रेघेसाठी शटरचा वेळ चौपट, बाकीच्यासाठी एकपट, असे दोन संच केले. कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांच्यातला कोन वाढवला तर खोली नेमकी कळते, पण गाल नाकाच्या सावलीत बुडतो. पंचवीस अंशांच्या आसपास तडजोड झाली. त्या रात्री गोळ्या २५.४४ सांगत होत्या. छापून आलेली प्रत मामांनी हातात घेतली, डोळे मिटून पापणीवरून अंगठा फिरवला, आणि "रबर कालवायला घ्या," एवढंच कारागिरांना सांगितलं.

एक गोष्ट राहिली आहे. मुखवट्याच्या मागच्या बाजूला, ओल्या मातीत दाबलेला आजोबांचा अंगठा आहे. आमच्या मापात त्याचा खळगा आला, रेघा आल्या नाहीत. बोटाच्या रेघा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरानं असतात आणि खोली तर त्याहून कितीतरी कमी. दुसरं भिंग लावून तेवढाच दोन बोटं रुंदीचा तुकडा जवळून घ्यायचा आहे. पण पावसाळा सरेपर्यंत मुखवटा पेटीबाहेर काढायला मामा तयार नाहीत.