पडवीतले काका

टोकियोच्या शिंबाशी स्टेशनातून हिबियाच्या बाजूला बाहेर पडलं की चौकात एक काळंकभिन्न वाफेचं इंजिन उभं दिसतं. सी-११ जातीचं, नंबर २९२. १८७२ साली जपानची पहिली आगगाडी याच भागातून योकोहामाला गेली. तिच्या शंभरीला, १९७२ मध्ये, हे इंजिन इथे आणून बसवलं. रोज दुपारी बाराला, तीनला आणि संध्याकाळी सहाला ते शिट्टी मारतं, पण धूर काढत नाही. जन्मभर ओढली, म्हातारपणी सोडली. त्याच चौकात, अजून न सोडलेल्यांसाठी, एका गृहस्थांचं बिऱ्हाड आहे. तुमची ओळख करून द्यायची ती त्यांच्याशी.

नाव कित्सुएन्जो. ‘कित्सुएन’ म्हणजे धूम्रपान आणि ‘जो’ म्हणजे जागा. जपानातल्या मोठ्या स्टेशनांच्या आसपास यांचे भाऊबंद सापडतातच. मी त्यांना काका म्हणतो. आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांत असा एक काका असायचा. व्यसनी, त्यामुळे पंगतीत नको. पण घरात पेन्शन येतं ते त्याचंच. घालवून देता येत नाही आणि माजघरात घेववत नाही. मग त्याचं अंथरूण पडवीत, मध्ये पडदा. पाहुणे यायचे असले की पडदा जरा जास्त ओढायचा.

काकांची पडवी म्हणजे कुठे चार झाडांच्या कुंड्या आणि जमिनीवर आखलेली रेघ, कुठे डोक्याच्या वर जाणाऱ्या पांढुरक्या भिंती आणि वर मोकळं आभाळ, तर कुठे चक्क दार लावलेली खोली. मधोमध स्टीलची उभी रक्षापात्रं, वर जाळी, आत पाणी. थोटूक जाळीवर टेकवलं की ‘चिस्’ असा आवाज येतो. दिवसाकाठी तिथे किती थोटकं पडत असतील देव जाणे, पण खाली फरशीवर एक दिसेल तर शपथ. काकांना स्वच्छतेचा गर्व आहे. व्यसनी माणसाला टापटिपीचा असतो तसा, जरा जास्तच. धुरानं वर जावं, बाजूच्या लोकांकडे वळू नये, अशीही त्यांची अपेक्षा असते. वारा मात्र जपानी नाही, तो ऐकत नाही.

स्वभाव लाजरा. काका कुठे राहतात हे पटकन कुणी सांगत नाही; काका कुठे राहत नाहीत हे मात्र पावलोपावली लिहिलेलं असतं. फुटपाथवर चिकटवलेली गोल लाल चित्रं, खांबांवर पाट्या, त्यावर फुली मारलेली सिगारेट. नवा माणूस स्टेशनाबाहेर येतो, खिशातून पाकीट काढतो, पायाखालचं चित्र दिसतं, पाकीट परत खिशात. चार पावलं पुढे जातो, पुन्हा चित्र. असं करत करत तो जिथे पोचतो तिथे पन्नास माणसं एकमेकांकडे न बघता उभी असतात. पाटी वाचायची गरज उरत नाही.

न बघता हे महत्त्वाचं. काकांच्या पडवीत लोक खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि प्रत्येक जण एकटा असतो. एका हातात फोन, दुसरा हात खाली, मांडीलगत. हा खाली धरलेला हात नीट बघा; त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. गर्दीत चालणाऱ्या माणसाच्या हातातली सिगारेट नेमकी लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते. हे जपानी लोकांच्या मनावर ठसवणारी जाहिरात काढली कुणी, तर देशातल्या सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीनं! काकांच्या घरात कीर्तनकार आणि कलाल एकच असतो.

तर काका मूळचे पडवीतले नव्हेत. त्यांचे वाडवडील थेट फलाटावर राहायचे, ऐन मध्यावर, गाडीचं दार उघडेल तिथे. तेव्हाचा काळच तसा होता. १९६६ सालच्या पाहणीत जपानमधले ८३.७ टक्के पुरुष ओढणारे निघाले. न ओढणारा हाच विक्षिप्त. १९७६ मध्ये शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, ‘कोदामा’ गाडीला पहिल्यांदा धूम्रपानबंदीचा डबा लागला. सोळा डब्यांत एक, आणि तोही टोकाचा. म्हणजे तेव्हा पडवीत न ओढणारे बसत होते आणि काका माजघरात तक्क्याला टेकून.

मग एकेक खोली गेली. २००३ च्या मे महिन्यात टोकियो भागातल्या मोठ्या खासगी रेल्वे कंपन्यांनी आपल्या स्टेशनांतून काकांना उठवलं. २००९ मध्ये जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं टोकियो परिसरातल्या फलाटांवरून. शिंकान्सेनमध्ये २००७ ला आलेल्या नव्या गाडीत सगळ्या खुर्च्या धूरमुक्त झाल्या आणि ओढणाऱ्यांसाठी कपाटाएवढ्या दोन-चार खोल्या उरल्या. २०२४ च्या मार्चमध्ये टोकाइदो मार्गावरच्या शिंकान्सेननं त्याही बंद केल्या. रिकाम्या जागेत आणीबाणीसाठी पिण्याच्या पाण्याचा साठा ठेवला आहे. काकांची खोली गेली आणि तिथे पाण्याचे हंडे मांडले! पण तक्रार नाही. कुठल्याही बिऱ्हाडातून हलवलं तरी काका आपलं स्टीलचं पात्र उचलून निमूट पुढच्या जागी जातात.

आता काकांच्या घरातली सर्वात गमतीची रीत. आपल्याकडे घरात, कचेरीत कुणी सिगारेट काढली की म्हणतात, ‘बाहेर जाऊन ओढ.’ काकांच्या देशात अनेक वर्षं उलटं होतं. रस्त्यावर ओढू नका, आत जाऊन ओढा. रस्त्यावर पेटवली की पंचाईत, पण शेजारच्या रुळांखालच्या इझाकायात, म्हणजे कोंबडीच्या सळया भाजणाऱ्या तिथल्या गुत्त्यात, बसून खुशाल धूर काढा. कारण रस्त्यावरच्या नियमांचा रोख फुप्फुसांवर नव्हताच. तो होता थोटकांच्या कचऱ्यावर, जळक्या टोकावर, आणि सर्वांत जास्त ‘मेइवाकू’वर. मेइवाकू म्हणजे दुसऱ्याला होणारा उपद्रव. ‘तुम्ही आपल्या जिवाचं काय करायचं ते करा, आमच्या कोटाला भोक पाडू नका,’ असा तो हिशेब. आतल्या धुराकडे कायदा गंभीरपणे वळला तो १ एप्रिल २०२० ला. सुधारित आरोग्यसंवर्धन कायद्यानं हॉटेलांतला, कचेऱ्यांतला धूर बंद केला. त्यातही लहान जुन्या खानावळींना सवलत ठेवली. टोकियोनं ती आणखी आवळली आणि म्हटलं, नोकर नसेल तरच. म्हणजे मालकाला स्वतःचा धूर गिळायचा असेल तर गिळू दे.

त्याच सुमारास करोना आला. काकांच्या पडवीभोवती फिती बांधल्या, रक्षापात्रं झाकली. लोक आले. फितीच्या बाहेर, बरोबर पूर्वीच्याच अंतरावर, गोल करून उभे राहिले आणि खिशातून बटव्यासारखं छोटं रक्षापात्र काढून ओढायला लागले. हा खिशातला बटवा म्हणजे जपानी ओढणाऱ्याचं शेंडी-जानवं. तो जवळ असला की माणूस स्वतःला सभ्य समजतो.

काकांचे भाऊबंद सगळेच असे सोशिक नाहीत. शिंबाशीहून गाडीनं एकच स्टेशन उत्तरेला गेलं की युराकुचो येतं. अंतर किलोमीटरभर. पण वेस ओलांडून तुम्ही चियोदा प्रभागात शिरता. सम्राटांचा राजवाडा आणि संसद याच प्रभागात, तेव्हा ऐट असायचीच. २००२ मध्ये रस्त्यावरच्या सिगारेटीला दंड लावणारा देशातला हा पहिला प्रभाग. घोषणा होती, ‘शिष्टाचाराकडून नियमाकडे.’ पकडलं की २००० येन. मोठ्यानं दरडावणं नाही, गचांडी नाही. गणवेशातला माणूस समोर येऊन, किंचित वाकून, अत्यंत अदबीनं पैसे मागतो. आपल्या हवालदाराशी हुज्जत घालण्याची जन्मभर तालीम केलेला माणूस अशा वेळी निःशस्त्र होतो. वाकणाऱ्याशी भांडायचं कसं?

शिंबाशी मिनातो प्रभागात येतं. या प्रभागानं २०१४ मध्ये आपला ‘मिनातो तंबाखू नियम’ स्थानिक कायद्यात बसवला, पण दंड ठेवला नाही. समजावून सांगायचं, पुन्हा समजावून सांगायचं. म्हणजे एकाच घराण्यातले दोन सख्खे चुलत, एक छडी घेऊन बसलेला, दुसरा नुसताच डोळे वटारून. ओसाकाच्या शाखेनं २०२५ च्या जानेवारीत, एक्स्पो या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर, सगळ्या शहरभर रस्त्यावरची सिगारेट बंद केली. पाहुणे येणार म्हटल्यावर पडदा ओढला. पण पडदा ओढायचा तर आधी पडवी लागते, म्हणून शहराला नव्या पडव्या बांधायची धावपळ करावी लागली.

आणि पेन्शनची गोष्ट. जपानमध्ये १९८५ पर्यंत तंबाखूचा धंदा सरकारी मक्तेदारीचा होता. तो चालवणारी कंपनी खासगी झाली तरी तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग सरकारकडे राहावा असं कायदाच म्हणतो. शिवाय तंबाखूवरच्या कराचा एक वाटा, ज्या गावात पाकीट विकलं त्या गावाच्या तिजोरीत जातो. म्हणून काही गावांत पाटी दिसते, ‘सिगारेट आपल्याच गावात घ्या.’ तीच नगरपालिका, तोच रस्ता, आणि थोड्या अंतरावर ‘इथे ओढू नका.’ काकांनी पैसे घरात द्यावेत, बसावं मात्र पडवीत. मला विचाराल तर यात ढोंग आहेच. पण काकांचा हिशेब निदान चोख आहे: पैसे घेतले, तर बसायला जागा दिली. पाकिटावर कर घ्यायचा आणि जागा कुठेच द्यायची नाही, असा दुसरा पंथ असतोच, आणि मग सगळं शहरच पडवी होतं.

काकांचा दरबार बघायचा तर संध्याकाळी. शिंबाशी हे कोटटायवाल्या नोकरदारांचं माहेर. टीव्हीवाल्यांना महागाईवर सामान्य माणसाचं मत हवं असलं की ते माइक घेऊन याच चौकात येतात. कचेरीत ज्याच्यासमोर मान वर होत नाही तो विभागप्रमुख इथे कनिष्ठाकडे लायटर मागतो. कनिष्ठ दोन्ही हातांनी ज्योत झाकून पुढे धरतो, साहेब वाकतात, आणि कोणाची बदली कुठे होणार ही बातमी त्या वाकण्यात फुटते. न ओढणाऱ्यांना ती पुढच्या आठवड्यात कागदावर कळते. पोरासोरांना मात्र मज्जाव. या देशात मत द्यायला अठरा पुरतात, काकांकडे यायला वीस.

हल्ली दरबारात दोन तट पडले आहेत. एक आगवाले, दुसरे वाफवाले. तंबाखू न जाळता तापवणारी पेनासारखी यंत्रं २०१४ पासून इथे फोफावली. वाफवाले स्वतःला वरच्या पायरीचे समजतात, कुठे कुठे त्यांना वेगळा भाग मिळतो, आणि आगवाल्यांच्या धुरानं आपल्या कपड्यांना वास लागतो म्हणून नाक मुरडतात. त्यांच्या वाफेला मात्र भाजलेल्या कणसासारखा वास येतो. पावसाळी संध्याकाळी डोळे मिटले तर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर आहोत असं वाटावं, इतका.

आपल्याकडचे अभियंते कामासाठी टोकियोत येतात, त्यातल्या ओढणाऱ्यांची काकांशी गाठ पहिल्याच दिवशी पडते. पानाच्या टपरीची सवय असलेल्या माणसाला इथे चुकल्याचुकल्यासारखं होतं. टपरीवर दोरीचा सुंभ जळत लटकलेला असतो, तिथे पेटवायची, कटिंग घ्यायचा, आणि तीन अनोळखी माणसांशी सरकार, क्रिकेट आणि मेट्रोच्या कामाबद्दल बोलायचं. इथे चहा नाही, सुंभ नाही, अनोळखी माणसांशी बोलणं नाही. एकानं मला सांगितलं, ‘अरे, तीन मिनिटांत संपते. बोलायला कुणी नसलं की सिगारेट किती छोटी असते ते कळतं.’ मायदेशी जाईपर्यंत त्याची दिवसाला आठवरून तीनवर आली होती. काकांनी एक शब्द न बोलता केलेलं हे काम.

एक खोड सांगायची राहिली. काकांच्या रेघेवर नेहमी कुणीतरी एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभा असतो. गर्दीमुळे नव्हे, आत जागा असली तरी. सिगारेटचा हात आत, बॅगेचा हात बाहेर. संपली की आतला पाय बाहेर काढतो, पुदिन्याची गोळी तोंडात टाकतो, कोटाची बाही हुंगतो आणि स्टेशनात नाहीसा होतो. काका त्याला ओळख देत नाहीत, तोही काकांना देत नाही.

कधी त्या बाजूला गेलात तर सहाच्या शिट्टीच्या आधी जा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही. ओढत नसाल तर इंजिनाच्या बाजूनं बघा, तिथून सगळं दिसतं. आणि ओढत असाल तर लायटर आपला न्या. उसना मागितलात तर समोरचा दोन्ही हातांनी देईल, आणि मग आता या माणसाशी काही बोलावं लागणार की काय, या धास्तीनं अर्धी सिगारेट टाकून निघून जाईल.