गुरूच्या डोक्यावरचा पंचकोन

सौंदडला रोवणीच्या दिवसांत सगळ्यांचे कान बंगालच्या उपसागराकडे असतात. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगड करत आमच्याकडे येतं, नाहीतर वरच्यावर मध्य प्रदेशात निघून जातं. निघून गेलं की बांध्या कोरड्या, पऱ्हे पिवळे, आणि घरातली माणसं एकमेकांशी कमी बोलतात. अशाच दिवसांत पुतणीने मोबाईलवर एक चित्र दाखवलं. गुरूचा दक्षिण ध्रुव, मधे एक वादळ आणि भोवती पाच, अगदी आखल्यासारखी. "आत्या, हे कोणी मांडलं?"

मंडळी, कोणीच नाही! हीच तर गंमत.

जुनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूपाशी पोचलं, तेव्हा हे कळलं (पृथ्वीवरून गुरूचे ध्रुव नीट दिसत नाहीत). दक्षिणेला मधल्या वादळाभोवती पाच, उत्तरेला आठ. एकेक इतकं मोठं, की काश्मीर ते कन्याकुमारी त्यात मावून उरेल.

ग्रह गोल आणि फिरता, म्हणून वाऱ्याला वळवणारा जोर ध्रुवाकडे वाढत जातो. त्यामुळे भोवऱ्यासारखं वादळ हळूहळू ध्रुवाकडे सरकतं. आपल्या उपसागरातली चक्रीवादळं वायव्येकडे झुकतात, त्यातही या ओढीचा वाटा आहे. फक्त आपली जमिनीवर येऊन विरतात, आणि विरता विरता पाऊस देतात. गुरूला जमीनच नाही! हे ऐकून दादा म्हणाला, "मग तिथं धान कसं पिकणार?" असो.

तर तिथली वादळं थेट ध्रुवापाशी पोचतात आणि गर्दी होते. मग एकमेकांना गिळत का नाहीत? २०२० च्या एका अभ्यासात गणिताने असं दिसलं, की प्रत्येक वादळाभोवती उलट फिरणाऱ्या वाऱ्याचं कडं असलं, तरच ही मांडणी टिकते. ते कडं शेजाऱ्याला लांब ठेवतं. ध्रुवाची ओढ आत, मधल्या वादळाचा रेटा बाहेर. दोन्ही जिथे सारखे, तिथे पाचही जणं अंतर राखून.

(शनीचा षटकोन वेगळा बरं का. ती सहा वादळं नव्हेत, एकाच वेगवान वाऱ्याला पडलेली सहा वळणं.)

२०१९ च्या नोव्हेंबरात गुरूच्या या पाचांत एक छोटं सहावं घुसलेलं दिसलं. पंचकोनाचा षटकोन झाला. पण ते काही टिकलं नाही, आणि पाच पुन्हा पाचच राहिली.