अण्णांची पेटी

गेल्या वर्षी बेळगावच्या उद्यमबागेतील आमचा छोटा कारखाना बंद करण्याचे ठरले. लेथ विकला गेला, ड्रिलिंग मशीन विकले गेले. मागे उरली ती अण्णांची हत्यारांची पेटी. भंगारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. काय ठेवावे आणि काय द्यावे, याचा निवाडा आम्हा दोघा भावांना एका रात्रीत करावयाचा होता.

कानशीच सर्वांत अधिक निघाल्या. कानस उजेडात तिरपी धरून पाहावी, ही अण्णांची शिकवण. झिजलेल्या दातांची टोके चकाकतात. धारदार दात चकाकत नाहीत. मात्र त्याआधी दातांच्या ओळीने तारेचा ब्रश फिरवून कीस काढावा लागतो, कारण पुष्कळदा कानस बोथट नसते, नुसती भरलेली असते. नवी कानस अण्णा प्रथम पितळेवर चालवीत. पितळेवर ती घसरू लागली, की मग पोलादावर. आम्ही हा क्रम कधी पाळला नाही आणि कानशींच्या किमतीला मात्र नावे ठेवीत राहिलो.

पेटीच्या तळाशी ती छिन्नी सापडली. शाळकरी वयात ग्राइंडरवर जोराने दाबून आम्ही तिची धार निळी केली होती (दोघांपैकी कोणी, हा वाद अद्याप मिटलेला नाही). निळी पडलेली धार म्हणजे पाणी उतरलेली धार. अण्णा त्या वेळी काहीच बोलले नव्हते. निळा भाग घासून टाकावा, तर पुढे कठीण पोलाद उरत नव्हते. तेव्हा तिला नव्याने पाणी देण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शेजाऱ्यांकडून गॅसची बत्ती आणली. टोकाकडचे दोन इंच लालबुंद केले, त्यांतले अर्धा इंच पाण्यात बुडविले आणि लगेच दगडाने घासून टोक उजळ केले. मागची धग पुढे सरकू लागली, तसे रंग चढू लागले : पिवळा, तपकिरी, जांभळा. जांभळ्यावर बुडवायची, आम्ही पाहतच राहिलो आणि ती पुन्हा निळी झाली! दुसऱ्या खेपेस मात्र वेळ साधली. मग 60 अंशांची धार लावली, ठोके खाऊन छत्रीसारखा पसरलेला माथा घासून सरळ केला आणि पोलादी पट्टीवर घाव घातला. धार मुडपली नाही, की तिचा टवकाही उडाला नाही.

सकाळी काटा लागला. मेलेल्या कानशी आम्ही दिल्या. त्यांच्या लाकडी मुठी तेवढ्या काढून घेतल्या.