मे महिन्यातील मुंबई

मुंबईकरांचा मे महिना हा गावाला जाण्याचा महिना. आम्हां चांदवडकरांचा मे महिना हा मुंबईची माणसे येण्याचा महिना. एकाच महिन्याच्या या दोन बाजू आहेत, आणि आयुष्याचा बराच काळ आम्ही त्यांतील एकच पाहिली होती. रेणुकामातेच्या डोंगराच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला वसलेल्या आमच्या गावात या दिवसांत सुट्टी नावाची वस्तू नसते. उन्हाळी कांदा काढून झालेला असतो, तो निवडून चाळीत भरण्याची घाई असते. विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि टँकरची वाट पाहण्यात सकाळ सरते. मुंबईची मुले मात्र या साऱ्याला मौज समजत. "तुमच्याकडेही चाळ आहे?" असे विचारीत ती कांद्याच्या चाळीभोवती धावत, आणि आमच्या चाळीत असा वारा खेळला असता तर किती बरे झाले असते, असा शेरा त्यांचे वडील मारीत. ही माणसे मागे काय ठेवून येतात, त्यांच्या दाराला कुलूप लागल्यावर त्या जिन्यावर कोण उरते, हा विचार आमच्या मनाला कधी शिवला नव्हता.

तो योग २०१८ साली आला. आईच्या स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली. शस्त्रक्रिया पार पडली, आणि त्यानंतर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात किरणोपचाराच्या पंचवीस बैठका ठरल्या. रांगेतील मंडळी त्याला 'लाईट घेणे' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार रोज काही मिनिटांचे काम, पण ते पाच आठवडे चालणारे. १९४१ सालापासून हे रुग्णालय साऱ्या देशाचे रुग्ण पदरात घेत आले आहे. प्रश्न असतो तो रुग्णाने आणि त्याच्या माणसांनी रात्री पाठ कोठे टेकायची हा. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा या रुग्णांसाठीच उभी आहे, परंतु गरजू अनेक आणि खाटा मोजक्या.

आमचे चुलत बंधू माझगावात राहतात. खोल्या दोन, माणसे सहा. त्यांचा दूरध्वनी आला : "उपचार मे महिन्यातच घ्या. आम्ही नसू, तेव्हा या." आमच्या गावी कोणी असे म्हटले, तर तो अपमान ठरेल. घरधनी नसताना या, हे काय आमंत्रण झाले? परंतु मुंबईत माणूस तुम्हांला जेवण देईल, पैसे देईल, रात्रभर रुग्णालयात तुमच्यासोबत उभा राहील. जागा मात्र तो देऊ शकत नाही, कारण ती त्याच्यापाशीच नसते. वर्षातून एकदाच, तो स्वतः बाहेर पडतो तेव्हा, त्याच्या घरात जागा निर्माण होते. मुंबईच्या पाहुणचाराला असा हंगाम आहे, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

ते सहकुटुंब आमच्याकडे आले. एक रात्र दोन्ही कुटुंबे एकत्र जेवली, जपमाळ झाली, किल्ल्यांची अदलाबदल झाली. नळाला पाणी पहाटे किती वाजता येते, हे त्यांनी सांगितले. चाळीच्या अंगाला विडी ओढू नये, हे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे मनमाडहून सुटणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने आम्ही उभयतां आईला घेऊन मुंबईस निघालो.

मे महिन्यात मुंबई रिकामी होते असे म्हणतात. हे अर्धेच सत्य आहे. सकाळी नऊ वाजता परळ स्टेशनात उभे राहून पाहावे. रिकामे काही दिसत नाही. रुग्णालयासमोरील पदपथावर अंथरुणाची वळकटी उशाशी घेऊन बसलेल्या माणसांना तर कोणतीच सुट्टी नसते. शहर रिकामे होते ते जिन्यांवर. आमच्या तीन मजली इमारतीत निम्म्याहून अधिक दारांना कुलपे होती. दुधाच्या पिशव्यांचा सडा विरळ झाला होता, शाळेच्या बसचा भोंगा थांबला होता, आणि भर दुपारी कावळ्यांचा आवाज ऐकू येई. कोणी कोकणात, कोणी गोव्याला, कोणी घाटावर. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून तिकडची वाट सोपी झाली आहे. तिकिटासाठी होणारी झुंबड मात्र कायम आहे.

समोरच्या खोलीत एक वृद्ध ईस्ट इंडियन बाई राहत. त्यांच्या दारामागे खिळ्यांवर अकरा किल्ल्या टांगलेल्या. कोणाच्या कुंड्यांना पाणी, कोणाच्या मांजरीला दूध, कोणाचे विजेचे बिल, असा साऱ्या इमारतीचा संसार त्या महिनाभर सांभाळीत. "आजी, तुम्ही गावाला जात नाही का?" असे आमच्या सौभाग्यवतीने विचारले. आजी हसल्या. "माजं गाव हेच. जायाचं कुठं?" त्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावरील माथारपाखाडीत त्यांचा जन्म झाला होता. लोकमान्य टिळकांचे सहकारी आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा हे त्याच पाखाडीचे. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी धारण केले; पण ती माणसे त्याच्या फार आधीपासून या बेटांवर शेती, मासेमारी आणि मिठागरे करीत आली आहेत. मुंबईचे खरे स्थानिक कोण, यावर लोक मोठमोठी भाषणे देतात. त्यांनी मे महिन्यात एखाद्या गावठाणात फेरी मारावी. जो कोठेही जात नाही, त्याचे ते गाव.

आजींचा मे महिना आमच्या चांदवडसारखाच कामाचा. गच्चीवर मिरच्या, धने, हळकुंडे, तीळ वाळत पडलेले. पाऊस येण्याआधी वर्षाचा बाटली मसाला भाजून, कुटून, गडद काचेच्या बाटल्यांत दाबून भरायचा. कांडपाच्या वासाने तीन मजल्यांना शिंका येत. उपचारामुळे आईला अन्नाची वासना उरली नव्हती. परंतु गच्चीच्या सावलीत बसून मिरच्यांची देठे खुडण्यात तिची दुपार जाई, आणि तेवढा वेळ तिला आपण आजारी असल्याचे आठवत नसे.

सायंकाळी गल्लीतील क्रुसापुढे जपमाळ असे. मुंबईच्या गावठाणांतील असे कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवीत रोग प्रकटला आणि काही महिन्यांत सुमारे निम्मी मुंबई शहर सोडून गेली. ज्यांना गाव नव्हते ते मागे राहिले, आणि मागे राहिलेल्यांनी क्रूस उभारले. एरवी तेथे चाळीसेक माणसे जमत, असे आजी सांगत. त्या मे महिन्यात आम्ही नऊ जण होतो. म्हणूनच की काय, आम्हां परक्यांना कोणी परके राहू दिले नाही. एक रहस्य इंग्रजीत, एक कोंकणीत, आणि मराठीचे रहस्य आमच्या आईकडे. तिचा आवाज खोल गेलेला. शेवटच्या 'नमो मरिया'ला तो जेमतेम ऐकू येई, आणि बाकीचे आठ जण आपला आवाज तितकाच खाली आणीत.

पोप फ्रान्सिस यांनी ठरवून दिलेला 'ख्रिस्तसभेची माता मरिया' हा स्मरणदिन त्याच वर्षी, पेन्टेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, २१ मे रोजी प्रथम पाळला गेला. सोमवारची सकाळची मिस्सा. गायकवृंद सुट्टीवर, वाचक सुट्टीवर, वेदीसेवक मुले गावाला. फादरांनी वाचन कोण करील असे विचारले, तेव्हा उठणारे आम्हीच. परतताना आई म्हणाली, "पोरं गावाला गेली, की घरात आईच उरायची. त्यात नवं काय?" पुढे ३१ मे रोजी मरियाभेटीचा सण आला. मरिया एलिझाबेथकडे सुमारे तीन महिने राहिली. पण तेथे यजमानीण घरात होती. आमचे यजमान आमच्याच ओसरीवर आमचे आंबे खात बसले होते!

इमारतीचा पहारेकरी झाशीकडचा. गावी एक वर्षाआड जाण्याची त्याची पाळी. ती त्या वर्षी नव्हती. लग्नसराईत घरी नसल्याचे दुःख तो बोलून दाखवी, आणि लगेच आईसाठी टॅक्सी थांबवायला रस्त्यावर धावे. पंचवीस दिवसांत एकदाही आम्हांला टॅक्सी शोधावी लागली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कुलपे निघू लागली. जिन्यावर बॅगा आदळल्या, फणसाचा वास दरवळला, आणि आपल्या घरी पाहुणे येऊ लागल्यासारखे आम्हांला वाटले. चांदवडला परतलो तेव्हा वहिनींनी सारे हंडे घासून पालथे घालून ठेवले होते. पाण्याच्या खेपा किती झाल्या, त्याचा हिशेब मुलांनी भिंतीवर कोळशाने लिहिला होता. तो आम्ही पुसला नाही.

परमेश्वरकृपेने आई सावरली. दोन वर्षांनी, २०२० च्या मे महिन्यात, आमच्या घरासमोरून मुंबई पुन्हा चालत निघाली. टाळेबंदीत कामे बंद पडलेली माणसे ठाणे, भिवंडी, मुंबई येथून कसाऱ्याचा घाट चढून मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाकडे पायी जात होती. आमच्या इमारतीत सुट्टीच्या महिन्यात मागे राहत होती, ती याच मेळ्यातली माणसे. आईने निंबाखाली रांजण मांडविला आणि तोंडाला पदर बांधून ती दूर बाजेवर बसू लागली. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न : मुंबईत कुठले? झाशीकडच्या पहारेकऱ्याची चौकशीही ती करी. कोणास ठाऊक नसे.

एके दुपारी एका तरुणाने भायखळा असे उत्तर दिले. आई बाजेवरून उठली. खोलीला कुलूप लावलेस का, किल्ली कोणाकडे ठेवलीस, असे तिने विचारले. भाड्याची खोली होती, किल्ली मालकाला परत दिली, असे तो म्हणाला, आणि त्याने आणखी एक तांब्या पाणी मागून घेतले.