आपल्याच रस्त्यावर आपलं जेवण मिळेना

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण आपल्याच गावची आहे. जळकोट म्हणजे लातूरचं नव्हे, आपलं, तुळजापूर तालुक्यातलं.

सोलापूर-हैदराबाद रस्ता आज नंबर 65 आहे, आधी 9 होता. त्याच्याही आधीपासून हा वाटसरूंचा रस्ता. 13 सप्टेंबर 1948 ला बोरी नदीचा पूल ताब्यात आल्यावर भारतीय फौजेचे रणगाडे नळदुर्गहून सकाळी 9 वाजता जळकोटात आले आणि दुपारी उमरग्याला पोचले. एवढी माणसं ज्या रस्त्यानं आली-गेली, तिथं पांथस्थाला काय वाढायचं हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गेल्या पावसाळ्यात पुण्याचे पाहुणे पाणीमहाल बघायला आले. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, 1613 चा बंधारा. पाण्याच्या पोटात महाल आणि दोन्ही बाजूंनी नर-मादी धबधबे. पाहुणे खूश. मग भूक लागली. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात कार्ड उघडलं तर पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, हाका नूडल्स. मी वेटरला विचारलं, "भाकरी?" तो म्हणाला, "तंदुरी रोटी आहे ना साहेब."

शाळूच्या मुलखात ज्वारीची भाकरी नाही! ज्या मालदांडीची निवड शेजारच्या मोहोळला झाली, ती आपल्या रानात पिकते. 2023 साल जगानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. आपण भाषणं ऐकली, फोटो काढले आणि रोटी खाल्ली.

शेवटी गाडी जळकोटात घेतली. पत्र्याच्या शेडमधली खानावळ, बोर्ड नाही. मावशी म्हणाल्या, "बसा, टाकते गरम." चुलीवर भाकरी फुगत होती. सोबत येसराची आमटी (डाळी-धान्य भाजून मसाल्यासोबत दळलेलं येसर, बाहेरच्यांसाठी सांगतो), शेंगाची चटणी, त्यावर कच्चं तेल, कांदा हातानं फोडलेला. पाहुण्यांच्या लेकीनं चौथी भाकरी मागितली. सणाला गव्हाची हुग्गीही करते, असं मावशींनी सांगितलं. हुग्गी हा शब्द कानडी, पण चव आपली. सीमेच्या या पट्ट्यात अन्नाला भाषा विचारत नाहीत. बकरा तर आपल्याच नावानं देशभर ओळखला जातो, उस्मानाबादी. तोही इथं कार्डावर दिसत नाही.

मावशींचा प्रश्न मात्र वेगळा होता. "चौपदरी झाल्यापासून गाड्या सुसाट जातात बाबा. थांबतंय कोण? आणि आमचं दिसतंय कुठं?"

हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. धबधबा चालू झाला की शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. त्यातला पैसा कुठं जातो? तळलेल्या पाकिटांत. किल्ल्याच्या रस्त्यावर पावसाळ्याचे तीन महिने बचत गटाच्या बायकांना चार गाळे, पाणी, वीज आणि एक ठळक फलक मिळाला तर फार मोठा खर्च नाही. धपाटे-दही विकायला तारांकित हॉटेल लागत नाही. जागा कुणाची, परवानगी कुणाची, ही कागदं आधी काढावी लागतील, हे मान्य.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. बचत गटातल्या ताईंनी आधी सांगा, भाकरीचा दर किती ठेवला तर परवडेल?