रक्तात उतरलेला भुसा

"पाठीतलं पाणी काढावं लागेल," असं डॉक्टरांनी म्हटलं की रुग्णाबरोबर आलेल्यांचे चेहरे उतरतात. त्या सुईने माणूस लुळा पडतो, ही आपल्याकडची चिवट समजूत. खरं तर सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्याही खाली जाते, आणि बहुतेकांना फार तर काही दिवस डोकेदुखी होते. पण भीतीशी वाद घालून काय होणार? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या, निदानात त्या पाण्यातले ऑलिगोक्लोनल बँड आजही मोलाचे आहेत. मात्र हा आजार एकदा जडला की आयुष्यभर सोबत राहतो. तो आत काय करतोय हे दर काही महिन्यांनी पाहायचं म्हटलं, तर दर वेळी पाठ कोण पुढे करेल? एमआरआय आहे, पण तो खर्चाचा आणि वेळखाऊ. शिवाय तो डाग दाखवतो. त्या डागाखाली आज किती धागे तुटताहेत हे त्यातून नेमकं कळत नाही. म्हणून सगळ्यांची नजर रक्ताकडे वळली. माझं तर पोटच त्यावर आहे.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत जीवरसायनाचं काम करते. मला रुग्ण क्वचित भेटतात. भेटतात त्या जांभळ्या आणि पिवळ्या झाकणांच्या नळ्या. त्यांतून मी जे मोजते त्याचं नाव न्यूरोफिलामेंट लाइट. आम्ही एनएफएल म्हणतो. चेतापेशीचा लांब धागा, म्हणजे अ‍ॅक्सॉन, आतून सावरून धरणारे प्रथिनांचे तंतू असतात, त्यांतलं हे एक हलकं प्रथिन. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती धाग्यावरच्या मायलिनच्या वेष्टनावर उलटते. वेष्टन जातं, मग धागाही तुटतो, आणि आतलं एनएफएल मेंदूभोवतालच्या पाण्यात आणि तिथून किंचित रक्तात उतरतं. सुताराच्या दारात पडलेल्या भुशासारखं ते आहे. आत लाकूड कापलं जातंय, किती जोरात कापलं जातंय, एवढं भुसा सांगतो. आत पाट होतोय की पलंग, ते सांगत नाही. या तपासणीबद्दलचं माझं सगळं मत या एका मर्यादेतून आलेलं आहे.

स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 1990 च्या दशकातच पाठीतल्या पाण्यात एनएफएल मोजलं होतं. पाण्यात ते मुबलक असतं. रक्तात कितीतरी पटींनी कमी: निरोगी तरुण माणसाच्या एक मिलिलिटर सीरममध्ये साधारण दहा पिकोग्रॅमच्या आत, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आम्ही कॉलेजात शिकलेली एलायझा इथे आंधळी ठरते. तिच्यात अख्ख्या खळग्याचा रंग किती गडद झाला हे पाहतात, आणि रेणू इतके थोडे असले की रंग बदललाय की नाही हेच कळत नाही. यातून वाट काढली ती अमेरिकेत डेव्हिड वॉल्ट यांच्या गटाने, 2010 मध्ये. अँटिबॉडी लावलेले सूक्ष्म चुंबकीय मणी नमुन्यात सोडायचे. मणी इतके जास्त की एका मण्याच्या वाट्याला फार तर एखादाच रेणू यावा. मग एकेक मणी जेमतेम मावेल अशा, सुमारे 50 फेम्टोलिटरच्या, हजारो खळग्यांत ते बसवायचे आणि वरून तेलाने बंद करायचे. ज्या मण्याने रेणू धरलाय त्याचा खळगा उजळतो, बाकीचे काळे राहतात. उजेडाची सरासरी काढायची नाही. उजळलेले खळगे मोजायचे. पहिल्यांदा ते चित्र पडद्यावर पाहिलं तेव्हा मला यंत्रापेक्षा कल्पनेचंच जास्त कौतुक वाटलं. इतकी साधी गोष्ट, आणि सुचायला 2010 उजाडावं लागलं!

पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या येन्स कूले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की एमएसच्या रुग्णांत सीरममधलं एनएफएल निरोगी माणसांपेक्षा जास्त असतं, ताज्या डागांबरोबर वाढतं आणि परिणामकारक औषध सुरू झालं की खाली येतं. त्यानंतर या विषयावर लेखांचा जो पूर आला तो अजून ओसरलेला नाही.

पण यंत्र कितीही हुशार असलं तरी निम्मं काम त्याच्या आधीच झालेलं असतं, आणि त्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही. रक्त काढणारा आमचा मुलगा दंडाला पट्टा किती वेळ ठेवतो, नळी उलटीपालटी करून हलकेच मिसळतो की खुळखुळ्यासारखी हलवतो, सीरमच्या नळीतलं रक्त पुरतं गोठू देतो की घाईघाईने सेंट्रिफ्यूजमध्ये टाकतो, हे सगळं शेवटच्या आकड्यात येऊन बसू शकतं. एनएफएल या बाबतीत सोशिक आहे. नळी दिवसभर टेबलावर राहिली, नमुना दोन-चारदा गोठवला-वितळवला, तरी ते फारसं हलत नाही. अल्झायमरच्या तपासणीतलं अमायलॉइड मात्र नाजूक. तिथे उशीर झाला की आकडा घसरलाच. प्लाझ्मा आणि सीरम यांचे आकडेही एक नसतात, प्लाझ्माचा थोडा कमी येतो. रुग्णाची मागची नळी पिवळ्या झाकणाची, म्हणजे सीरमची, होती आणि या वेळी जांभळ्या झाकणाची, म्हणजे प्लाझ्माची, आली, तर आलेला फरक आजाराचा की झाकणाचा?

उणे 80 अंशांतून काढलेला नमुना वितळला की त्यात फायब्रिनचे बारीक धागे दिसतात. ते खाली बसवले नाहीत तर यंत्राची नळी तुंबते आणि आकडा खोटा येतो, तोही अगदी ऐटीत, दोन दशांश स्थळांपर्यंत. म्हणून प्रत्येक नमुना दोनदा वाचायचा. दोन वाचनं जुळली नाहीत की तिसरं. रोजचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेले नमुने, तक्त्यावर मांडायचे आणि रेघ हळूहळू एका बाजूला सरकतेय का, ते बघायचं. किटची नवी खेप आली की जुन्या खेपेवर वाचलेले काही नमुने पुन्हा नव्या खेपेवर वाचायचे. हे काम कंटाळवाणं आहे. मला ते आवडतं.

आता आकड्याकडे. वय वाढतं तसं निरोगी माणसाचंही एनएफएल चढतं. स्थूल माणसात रक्ताचं आकारमान मोठं, त्यामुळे आकडा पातळ होतो. मूत्रपिंडं थकली असतील तर वाढतो. मधुमेहाने पायांच्या नसा झिजल्या, डोक्याला मार लागला, पक्षाघात होऊन गेला, तरी वाढतो. सत्तरीतल्या मधुमेही आजोबांचा आकडा नुकताच एमएसचा अटॅक येऊन गेलेल्या पंचविशीतल्या मुलीपेक्षा जास्त निघू शकतो. म्हणून नुसता आकडा वाचायचा नसतो. त्या वयाच्या, त्या अंगलोटाच्या निरोगी माणसांच्या रांगेत तो कुठे बसतो ते पाहायचं. बाझेलच्या गटाने 2022 मध्ये पाच हजारांहून अधिक माणसांचे नमुने घेऊन अशी रांग तयार केली. उत्तम काम. पण ती माणसं युरोप आणि उत्तर अमेरिकेतली. आपल्याकडे वजनकाट्यावर किडकिडीत दिसणाऱ्या माणसाच्या अंगात चरबी जास्त असते, मधुमेह लवकर गाठतो, आणि बी 12 च्या कमतरतेने नसा दुखावलेली माणसं घरोघरी. आपली रांग आपणच लावायला हवी. एमएस हा थंड देशांतला आजार, भारतात औषधालाही सापडत नाही, असं एके काळी ठामपणे सांगितलं जाई. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांनी इथल्या पारशी समाजात शोधलं आणि 1990 मध्ये तो त्यांच्यात चांगलाच आढळतो हे दाखवून दिलं. मोजल्यावर दिसतो, हेच खरं.

एका रुग्ण मुलीची आई अहवाल घ्यायला आली होती. तिने विचारलं, "ताई, आकडा उतरलाय. म्हणजे आजार गेला ना?" प्रश्न सोपा होता आणि उत्तर द्यायचा अधिकार माझा नव्हता, मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. पण खरं उत्तर मला ठाऊक होतं. अटॅकनंतर एनएफएल काही आठवड्यांत चढतं आणि उतरायला काही महिने घेतं. उतरलं म्हणजे तोड थांबली किंवा मंदावली, एवढंच. एमएसची जी बाजू अटॅकशिवाय, मुकाट्याने, वर्षानुवर्षं पावलं जड करत जाते, ती एनएफएलला धड दिसत नाही. तिच्यासाठी हल्ली जीएफएपी या दुसऱ्या प्रथिनाकडे पाहतात. ते अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींतलं. उमेद आहे, पण त्यावर रुग्णाचं औषध बदलावं इतका भरवसा मला अजून वाटत नाही.

याउलट रक्ताने निकाल लावून टाकावा असंही एक उदाहरण आहे, आणि ते मला या सगळ्या क्षेत्रातलं सर्वांत देखणं वाटतं. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार वर्षानुवर्षं एमएसचाच भाऊबंद समजला जाई: डोळ्याची नस सुजते, मज्जारज्जू सुजतो. मेयो क्लिनिकमधल्या व्हॅन्डा लेनन आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या रुग्णांच्या रक्तात वेगळी अँटिबॉडी दाखवली. पुढच्या वर्षी तिचं लक्ष्य कळलं, अ‍ॅक्वापोरिन-4. फरक नावापुरता नाही. बीटा इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब ही एमएसची औषधं या आजारात उलट घात करू शकतात. इथे रक्ताची एक नळी एखाद्याची दृष्टी वाचवते.

इतर आजारांत काय चाललंय ते थोडक्यात. एएलएस या चेतापेशींच्या आजाराच्या एका आनुवंशिक प्रकारावरच्या टोफर्सेन या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये त्वरित मान्यता मिळाली. चाचणीत रुग्णांच्या हालचालींतला ठरवलेला फरक दिसला नव्हता; रक्तातलं एनएफएल मात्र उतरलं होतं, आणि मान्यता त्या आधारावर दिली गेली. अल्झायमरसाठी पी-टाऊ 217 हे प्रथिन आणि अमायलॉइड यांच्या गुणोत्तराची रक्ततपासणी तिथेच मे 2025 मध्ये मंजूर झाली. ती आजाराचं नाव सुचवते, जे एनएफएलला कधीच जमणार नाही. पण तीही लक्षणं असलेल्या माणसांसाठी आहे, विसराळूपणाची धास्ती घेतलेल्या प्रत्येकासाठी नाही.

आणि धास्तीचाच धंदा व्हायची मला भीती वाटते. अमेरिकी सैनिकांच्या जपून ठेवलेल्या सीरमवरून 2020 मध्ये दिसलं की एमएसची पहिली लक्षणं दिसण्याच्या साधारण सहा वर्षं आधीपासून एनएफएल वाढलेलं असू शकतं. संशोधनासाठी ही सोन्याची खाण आहे. पण उद्या कुणी धडधाकट माणसांच्या वार्षिक तपासणीच्या पॅकेजात ही चाचणी घातली तर? आकडा थोडा जास्त येईल, कारण कळणार नाही, आणि माणूस एमआरआयच्या रांगेत उभा राहून झोप घालवून बसेल. लक्षणं नसलेल्या माणसाने ही तपासणी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना एमएस आहे आणि डॉक्टरांनी एनएफएल सुचवलंय, त्यांना मात्र एक विनंती. पहिला नमुना शक्यतो औषध सुरू व्हायच्या आधी द्या. नंतरचे त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने, त्याच प्रकारच्या नळीत. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. फॉर्मवर उंची, वजन, क्रिएटिनिन, मधुमेह आणि शेवटच्या अटॅकची तारीख लिहा. हे रकाने रिकामे ठेवू नका. आणि आकडा कमी आला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नका.